रक्ताच्या तपासणीची तयारी

"किती पैकी, सर?" असं मी त्या माणसाला विचारलं होतं. आता आठवलं तरी कानशिलं गरम होतात.

आमच्या कॉलेजात आरोग्य तपासणीचं शिबिर होतं. मी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि राष्ट्रीय सेवा योजनेत आहे, म्हणून सतरंज्या टाकणं, पाण्याचे जार भरणं, नावं लिहून घेणं ही कामं आमच्याकडे होती. बोटाला सुई टोचून घ्यायला मुली मागेपुढे करत होत्या. आमचे योजनेचे सर म्हणाले, स्वयंसेवकांनी आधी टोचून घ्या म्हणजे बाकीच्यांची भीती जाईल. मी पुढे झाले. धाडस आहे म्हणून नव्हे. मागे राहिलं तर आपल्याला पुन्हा कोणी बोलावणार नाही, असं मला कॉलेजात सतत वाटतं, म्हणून.

तळहातावर मावेल एवढ्या मशीनवर २१२ असा आकडा आला. तपासणाऱ्या माणसाने मशीनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि साबणाने हात धुऊन यायला सांगितलं. मग दुसऱ्या बोटाला टोचलं. २०९.

"काय खाल्लं होतं?"

"सकाळी भाकर आणि पिठलं. आत्ता चहा-बिस्किट."

"शुगर जास्त दिसते."

तेव्हा मी विचारलं, किती पैकी. मला खरंच वाटलं की याला काहीतरी एकूण असेल. तो हसला, पण टिंगल म्हणून नाही. म्हणाला, "ताई, यात पैकी नसते. एकदा उपाशीपोटी तपासून घ्या आणि सरकारी दवाखान्यात डॉक्टर मॅडमना दाखवा. घाबरू नका. पण टाळू पण नका." एका चिठ्ठीवर माझं नाव आणि पहिला आकडा लिहून त्याने आकड्याभोवती गोल केला.

हिंगोलीहून आमच्या गावाची बस कनेरगाव नाक्यावरून जाते. बसमध्ये सगळा वेळ मी त्या दोन वाक्यांवरच होते. घाबरायचं नसेल तर टाळलं तर काय बिघडतं? आणि टाळायचं नसेल, तर मग ते घाबरण्यासारखंच आहे ना? एक मन म्हणत होतं मशीन चुकली. पण मशीन दोनदा चुकली असेल तर दोन्ही वेळा जवळपास सारखीच कशी चुकली, हे मला कळत नव्हतं.

घरी बाबा नुकतेच आले होते. हळद काढणीचे दिवस होते. बाबांची स्वतःची हळद थोडीच असते, पण शिजवणीचा कुकर चालवायला आणि नंतर पॉलिशला त्यांना गावोगाव बोलावतात. हातपाय धुतले तरी त्या दिवसांत त्यांची नखं पिवळीच असतात. मी चिठ्ठी दाखवली.

"किती पाहिजेत?" बाबांनी विचारलं.

"जेवल्यावर एकशे चाळीसच्या आत, असं मोबाईलवर दाखवून राहिले."

"मग तुला जास्तच मिळाले की."

"जास्त चांगले नसतात यात."

"असलं कसलं माप?" बाबा मायकडे बघत म्हणाले. "जास्त मिळाले तं पोरगी नापास."

मायला हसू आलं नाही. ती म्हणाली, "शुगर म्हाताऱ्या माणसाला होते. हे काय म्हातारी होऊन राहिली का? आन् हे बघ, कोणाला सांगत बसू नको. पोरीच्या जातीला असली नावं लागली तं निघत न्हाईत."

बाबांनी विचारलं, "पुन्हा कधी हाय तपासणी?"

"केव्हाही जा म्हणाले."

"मग उद्याच काहून जायचं? आठ दिवस घे. तयारी करून जाय."

हे वाक्य आम्हा तिघांपैकी कोणालाच विचित्र वाटलं नाही. माझ्या घरात माझ्याआधी कॉलेजात कोणी गेलेलं नाही. माय चौथीपर्यंत शिकली, बाबा सातवीपर्यंत. माझ्या शिक्षणाचा जो भाग त्यांच्यापर्यंत पोचतो तो परीक्षेचाच. दहावीला मायने माझं पाणी भरणं बंद केलं होतं. बारावीला बाबांनी टीव्हीची वायर काढून कपाटात ठेवली होती. परीक्षा म्हटली की काय करायचं हे त्या दोघांना ठाऊक आहे. शुगर म्हटल्यावर काय करायचं हे कोणालाच ठाऊक नव्हतं. मी तर शिकलेली. पण मलाही तयारी हा शब्द ऐकून सुटल्यासारखं झालं. तेवढंच एक मला येतं.

इतिहासाच्या वहीच्या मागच्या पानावर मी वेळापत्रक आखलं. पहाटे मेथीचं पाणी. मग धाब्यापर्यंत चालत जाऊन परत. सकाळी अर्धी भाकर. चहा बंद. भात बंद. दुपारी काकडी. संध्याकाळी पुन्हा चालणं आणि रात्री नुसतं वरण. मोबाईलवर कोणी सांगत होतं सदाफुलीची पानं खा, कोणी सांगत होतं जांभळाच्या बियांची पूड घ्या, कोणी म्हणत होतं शुगर मुळापासून संपते, कोणी म्हणत होतं कधीच संपत नाही. सगळ्यांचे आवाज सारखेच खात्रीचे. मी सदाफुली सोडून बाकीचं लिहून घेतलं.

माय रोज सकाळी कारल्याचा रस काढायची. मी नाक दाबून पीत असे आणि ती समोर उभी राहून पेल्याचा तळ बघत असे. शेजारच्या काकूंना कित्येक वर्षांपासून शुगर आहे, म्हणून फक्त त्यांना सांगितलं होतं. त्या एका संध्याकाळी पदरात गोळ्यांची पट्टी घेऊन आल्या.

"माझ्यातली एक रोज देत जाय तिला. आठ दिवसांत बराबर येईल."

मायचा हात पुढे झालाही होता. बाबा भिंतीला टेकून बसले होते. ते म्हणाले, "न्हाई न्हाई वैनी. गोळी म्हंजे कॉपी झाली. पोरगी आपल्या जिवावर पास व्हाया पाहिजे."

काकू म्हणाल्या, "तुमचं हसण्यावारी हाय भाऊ. मला इचारा काय तकलीफ असते ते." पण पट्टी त्यांनी परत पदरात घेतली. आता वाटतं, त्या दिवशी बाबांच्या थट्टेने मला वाचवलं. पण तेव्हा मला वाटलं होतं की एक सोपा रस्ता बंद झाला.

सहाव्या दिवशी बस स्टँडवर डोळ्यांपुढे काळं आलं. मी खांबाला धरून उभी राहिले. हे शुगरमुळे आहे की अर्ध्या भाकरीमुळे, ते कळेना. आजार आहे का हे शोधायच्या आधीच मी उपाय करत होते, आणि आता उपायामुळे होतंय ते आजारामुळे होतंय असं वाटत होतं. मैत्रिणीला म्हटलं, ऊन लागलं.

तपासणीच्या सकाळी काहीही न खाता निघायचं होतं. मी चपला घातल्या आणि माय दारात आली. तिच्या हातात वाटी होती. प्रत्येक परीक्षेला जाताना ती माझ्या तळहातावर दही-साखर ठेवते. पहिलीपासून एकही चुकलेली नाही. तिने चमचा वाटीत घातला, मग थांबली. वाटीत साखर होती हे तिच्या तेव्हा लक्षात आलं असावं. ती आत गेली, वाटी बदलून आली.

"नुसतं दही हाय."

"माय, काहीच खायचं नसते."

"हे खाणं थोडीच हाय. चाट."

मी चाटलं. मला तिच्या तोंडाकडे बघून नाही म्हणता आलं नाही. दवाखान्यात रक्त घेणाऱ्या बाईंनी विचारलं, "रात्रीपासून काही खाल्लं?" मी म्हटलं, "नाही." माझी जीभ तेव्हाही आंबट होती.

दुपारी रिपोर्ट मिळाला. ९६. बाईंनी म्हटलं, "नॉर्मल आहे." मी तिथूनच बाबांना फोन लावला. कुकरच्या वाफेचा आवाज येत होता. बाबा कोणाला तरी ओरडून सांगत होते की पोरगी पास झाली. कशात, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. संध्याकाळी ते नाक्यावरून पावशेर जिलबी घेऊन आले.

मी दोन जिलब्या खाल्ल्या. मायने मग चहा केला, आधीसारखाच गोड. आठ दिवसांनी तो चहा इतका चांगला लागला की मला रडू आल्यासारखं झालं. तरी झोपायच्या आधी मी दोन्ही चिठ्ठ्या वहीतून काढून शेजारीशेजारी ठेवल्या. एक गोल केलेली २१२ आणि एक शिक्का मारलेली ९६. दोन्हींवर माझंच नाव होतं. त्यातली खरी मी कोणती? मला कोणी विचारलं असतं तर मी ९६ म्हटलं असतं, पण मनात शंका ठेवून.

शिबिरातल्या माणसाने डॉक्टर मॅडमना दाखवायला सांगितलं होतं, ते राहिलंच होतं. मी तसं म्हटल्यावर बाबा म्हणाले, "पास झाल्यावर पेपर पुन्हा तपासायला कोणी टाकते का?" माय म्हणाली, "तिथं शंभर लोकं बघतात." दोघांचंही मला पटलं. तरी दुसऱ्या आठवड्यात मी एक तास बुडवून गेले. घरी सांगितलं नाही.

मॅडमनी दोन्ही कागद पाहिले. "मधल्या दिवसांत काय केलंस?"

मी वही उघडून वेळापत्रक त्यांच्यापुढे ठेवलं. थोडा अभिमानही होता त्यात, खोटं कशाला सांगू. एकही दिवस चुकला नव्हता आणि प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण होती. त्यांनी ते पान वरपासून खालपर्यंत वाचलं.

"चक्कर आली का?"

"एकदा."

"आणि सकाळी उपाशी होतीस?"

मी दह्याचं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला, पण हसत होत्या.

"दह्याचं एवढं काही नाही. पण तू तपासायला आली होतीस की मला फसवायला?"

"पास व्हायला आले होते, मॅडम." मी खरं तेच सांगितलं.

"आणि पास होऊन काय मिळणार होतं?"

मी वही मिटून पिशवीत ठेवली. त्यांनी मला पाठ फिरवून बसायला सांगितलं आणि वेणी बाजूला केली.

"मान अशी कधीपासून आहे?"

मला खूप लाज वाटली. "लहानपणापासून. मळ आहे, मॅडम. घासला तरी निघत नाही."

"हा मळ नाही." त्यांनी मानेवरून बोट फिरवून स्वतःचं बोट मला दाखवलं. ते स्वच्छ होतं. "शरीराला साखर नीट वापरता येत नसली की काही जणांची कातडी इथे अशी काळी, जाड होते. यावरून आजार आहेच असं ठरत नाही. पण बघायला हवं, एवढं ठरतं."

मग त्यांनी दुसऱ्या तपासणीचं सांगितलं. तीत साधारण मागच्या तीन महिन्यांत साखर कशी होती ते कळतं. "हिला आठ दिवसांची तयारी चालत नाही," त्या म्हणाल्या. रक्त लगेच घेतलं. रिपोर्ट परवा.

गावात उतरून मी घरी न जाता बाबा होते त्या शेतावर गेले. वाळलेली हळद पॉलिशच्या ड्रममध्ये फिरत होती आणि माय बाजूला बसून तुकडे निवडत होती. ड्रम थांबेपर्यंत मी उभी राहिले, मग एका दमात सगळं सांगितलं. मी गेले होते हे. ९६ वर विश्वास ठेवता येत नाही हे. तीन महिन्यांचं हे. बाबांनी ढिगातून एक हळकुंड उचललं, अंगठ्याने चोळलं.

"म्हंजे आपण पॉलिश करून नेली."

"व्हय."

"वरून चकाकते, पण व्यापारी मोडून पाहातेच. कच्ची शिजली असली तं आतून लगेच कळते." त्यांनी ते हळकुंड मोडलं नाही, परत ढिगात टाकलं. "मग पाहू दे मोडून. आपुनच सांगितलं तुला तयारी कर म्हणून. तुझी काय चूक न्हाई."

माझी चूक होती की नव्हती हे मला अजून ठरवता आलेलं नाही. त्यांना काय ठाऊक होतं? कॉलेजात मी जाते. मला विचारता आलं असतं.

माय मात्र दुसऱ्याच ठिकाणी अडकली होती. "मळ न्हाई?"

"न्हाई म्हणाल्या."

"दर रविवारी दगड घेऊन बसायची मी. कातडं सोलोस्तोर घासली तुला. तू रडायची आन् मी म्हणायची घाणेरडी कुठली." तिने हातातले तुकडे खाली ठेवले. "घाणेरडी म्हणायची मी."

"माय, तुला काय माहीत."

ती खाली वाकली तेव्हा काळ्या पोतीच्या खाली तिचीही मान मला दिसली. मी रोजच पाहते ती. त्या दिवशी वेगळी दिसली. मी म्हटलं, "तू पण एकदा तपासून घे." ती म्हणाली, "मला काय धाड भरली? हळद निघू दे मग पाहू." नंतर मी दोनदा विषय काढला. हळद निघून गेली, आता ती उन्हाचं निमित्त सांगते.

रिपोर्ट आणायला मायही आली. मॅडमनी कागद आमच्याकडे वळवून बोट ठेवलं. ६.४.

"साडेसहा आणि त्याच्या वर असेल तर आम्ही मधुमेह म्हणतो. पाच पॉइंट सातच्या खाली असेल तर नाही म्हणतो. तू मध्ये आहेस, आणि मधल्याच्या अगदी वरच्या टोकाला."

"मग मला आहे की नाही?"

"आज मी आहे असं लिहीत नाही. नाही असंही लिहिणार नाही. शिबिरातला आकडा बघता मला शंका आहे. तीन महिन्यांनी पुन्हा करू. तोपर्यंत पोटभर जेव, साखर कमी कर, रोज चाल. उपाशी राहायचं नाही. कारल्याचा रस प्यायचाच असेल तर पी, पण माझ्यासाठी पिऊ नको."

मायने विचारलं, "गोळी?"

"आत्ता नाही."

बाहेर आल्यावर माय पायरीवरच बसली. तिला राग आला होता, पण कोणाचा ते तिलाही सांगता येत नव्हतं. म्हणाली, "एवढं शिकलेली बाई, आन् धड सांगत न्हाई." मला मॅडमचं म्हणणं समजलं होतं, तरी मायचंही खरंच वाटत होतं. आहे म्हटलं असतं तर रडून मोकळी झाले असते. नाही म्हटलं असतं तर जिलबी होतीच. बाबांनी घरी विचारलं, "निकाल?" मी म्हटलं, "राखून ठेवला." ते म्हणाले, "अवघड हाय बुवा," आणि त्या रात्री आपल्या ताटातली अर्धी भाकर माझ्या ताटात ठेवली, पोटभर जेव म्हणाल्या होत्या म्हणून.

तेव्हापासून मी पोटभर जेवते आणि जेवताना विचार करते. आधी मला जेवताना विचार करायची सवय नव्हती. चहात अर्धा चमचा साखर घेते. तो प्यायला की वाटतं हाही उगाच घेतला, आणि न प्यायला की वाटतं उगाच सोडला. चालणं मात्र मला आवडायला लागलंय. ते आजारासाठी आहे की आपलं असंच, ते ठरवायची गरज पडत नाही. बाकी कधी जास्त तहान लागली की घाबरते, मग आठवतं, हिंगोलीत या दिवसांत सगळ्यांनाच तहान लागते.

तीन महिने व्हायला अजून अवकाश आहे. मागच्या आठवड्यात आमच्या उन्हाळी शिबिराचे फॉर्म भरून घेत होते. खाली एक ओळ होती. काही आजार आहे का? पुढे दोन चौकोन, हो आणि नाही. मी पेन घेऊन उभी राहिले. ऑफिसातले सर म्हणाले, "लिहा लवकर, मागे रांग आहे."

मी दोन चौकोनांच्या मध्ये 'तपासणी चालू आहे' असं लिहिलं. त्यांनी फॉर्म फिरवून वाचला.

"हे कुठं बसवू मी? हो का नाही ते लिहा."

"दोन्ही नाही, सर."

"असं कसं दोन्ही नाही? कसली तपासणी?"

मागे माझ्याच वर्गातल्या मुली होत्या. मायचं बोलणं कानात होतं. तो शब्द मी कॉलेजात मोठ्याने कधी उच्चारला नव्हता. "शुगरची," मी म्हटलं. आवाज बारीक आला, म्हणून पुन्हा म्हटलं, "शुगरची, सर. आहे की नाही ते अजून कळलं नाही."

मागची कुजबुज थांबली की मला ऐकू यायचं थांबलं, सांगता येणार नाही. सरांनी माझ्याकडे पाहिलं, फॉर्मकडे पाहिलं. मग ड्रॉवरमधून कोरा फॉर्म काढून पुढे सरकवला.

"नवा भरा. तेवढी एक ओळ पेन्सिलनं लिहा. नंतर बदलता येईल."

माझ्याकडे पेन्सिल नव्हती. मागच्या मुलीने काही न विचारता तिची दिली. टोक बोथट होतं, त्यामुळे अक्षर जरा मोठं आलं.